आत्या कशाला हसली

आत्या टीव्हीवर जेमतेम तीन सेकंद दिसते. तोंड भरून हसतेय, डाव्या हाताने पदर डोळ्यांना लावलाय आणि उजव्या हातात चष्मा. शेजारी माझा एक कान आणि निम्मं कानातलं. त्याच्या आधी पडद्यावर साडी नेसलेला एक नट आहे. वरमाय झालाय. मध्यस्थाने दिलेला मुलीचा फोटो तो बघतो, लांब धरून पुन्हा बघतो, मग प्रेक्षकांकडे वळून म्हणतो, “अहो, फोटो मागितला होता, निगेटिव्ह काय पाठवताय?” ढोलकीवर थाप पडते आणि आत्या हसते. कुणीतरी टीव्हीसमोर मोबाईल धरून तेवढाच तुकडा काढला आणि आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. पुण्याच्या काकूने टाळ्या पाठवल्या, मिरजेच्या चुलतभावाने ‘आत्या सुपरस्टार’ लिहिलं, मीही एक बदाम टाकून मोकळी झाले. पण तो चष्मा खुपत राहिला. ते वाक्य झालं तेव्हा मी आत्याला खेटून बसले होते. चष्मा तिच्या डोळ्यांवर होता. आणि ती हसली नव्हती.

कार्यक्रमाचं नाव सांगत नाही. विनोदी आहे, रात्री जेवणाच्या वेळेला लागतो, आणि तुम्ही तो पाहत असण्याची शक्यता बरीच आहे. दादाचा, म्हणजे आत्याच्या मुलाचा, एक वर्गमित्र तिथे साउंडला आहे. त्याने पास मिळवून दिले आणि सोबत सूचनाही पाठवल्या. पांढरं नको, काळं नको, बारीक चौकडीचं किंवा बारीक रेघांचं नको, कारण कॅमेऱ्यात ते थरथरल्यासारखं दिसतं. कपड्यावर कुठल्या कंपनीचं नाव नको. आत्याने सूचना दोनदा वाचून घेतल्या आणि कपाटातल्या निम्म्या साड्या बाद केल्या. शेवटी जांभळी नारायणपेठ ठरली. ती नेसून पहाटे चारला दारात उभी होती, हातात पिशवी. पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भडंगाची दोन पाकिटं. एक आपल्याला, एक “त्या पोरांना”. पोरं म्हणजे कार्यक्रमातले नट. सांगलीचा माणूस मुंबईला जाताना भडंग नेणार नाही, असं होतच नाही. पुढे ते पाकीट नटांपर्यंत पोचणार कसं, हा प्रश्न त्याला पडत नाही.

आयर्विन पुलावरून निघालो तेव्हा कृष्णेवर धुकं होतं. सांगलीवाडी, आष्टा, पेठ नाका. उसाचा हंगाम. दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर, मागे लाल दिवा असेल तर नशीब, आणि हिंदी गाणी इतक्या मोठ्याने की ट्रॅक्टर दिसायच्या आधी ऐकू यावा. कारखाना जवळ आला की काच बंद करा किंवा करू नका, मळीचा तो आंबूस वास गाडीत येतोच. आत्या पुढच्या सीटवर. तिला गाडी लागते म्हणून तिने सकाळपासून आल्याचा तुकडा दाढेखाली धरलेला, त्यामुळे बोलणं थोडं चघळत. पण बोलणं थांबलं नाही. तासवड्याच्या टोलनाक्यापर्यंत तिने मला कार्यक्रमातल्या सगळ्या कलाकारांची घरची परिस्थिती सांगितली. कोण चाळीत राहून वर आला, कुणाचे वडील एसटीत होते, कुणाचं लग्न जमेना. ही माहिती ती स्वतःच्या भाच्या-पुतण्यांच्या माहितीइतकीच काळजीने बाळगून असते, आणि खरं सांगायचं तर भाच्या-पुतण्यांपेक्षा जास्त ताजी ठेवते.

टीव्हीवर दिसायची हौस तिला जुनी. ‘होम मिनिस्टर’ 2004 साली सुरू झालं तेव्हापासून घरी पैठणी यावी यापेक्षा भावोजी यावेत, अशी तिची इच्छा होती. आदेश बांदेकर गल्लीत आले तर बसवायचे कुठे, याचा विचार करून तिने बैठकीतला पलंग हलवून घेतला होता. ते काही आले नाहीत, पण पलंग तिथेच राहिला. त्याही आधी, गल्लीत एकाच घरी टीव्ही होता तेव्हा मुंबई दूरदर्शनचा ‘गजरा’ बघायला ती लेकराला कडेवर घेऊन जायची आणि मागे उभी राहायची. का, तर सून होती, बसायचं कसं. लोक हसले की ती हसायची. पुष्कळदा समोरच्या डोक्यांमुळे दिसायचं नाही, मग आवाजावर हसायची.

खंबाटकीचा बोगदा, शिरवळ, कात्रजचा नवा बोगदा, मग पुण्याला बगल देऊन एक्सप्रेसवे. उजाडल्यावर सगळ्यांनी दशम्या खाल्ल्या. खंडाळ्याच्या घाटात आत्या एकदम सरसावून बसली. “अमृतांजनचा पूल आला का?” पूल 2020 च्या एप्रिलमध्ये पाडला, लॉकडाऊनमध्ये रस्ता रिकामा होता तेव्हा. दादाने सांगितलं. “बातम्यांत बघितलेलं की मी,” आत्या म्हणाली, तरीही खोपोलीचा उतार लागेपर्यंत मान वाकडी करून काचेतून वर बघत राहिली. एकशे नव्वद वर्षं उभा असलेला पूल. तिच्या लेखी मुंबई तिथून सुरू व्हायची.

चित्रीकरण गोरेगावच्या चित्रनगरीत असणार, अशी तिची पक्की समजूत. 1977 सालापासून मराठी माणसाच्या मनात शूटिंग म्हणजे गोरेगाव. पण आता कितीतरी कार्यक्रम घोडबंदर रोडवर आणि काशीमिऱ्याकडे होतात. कळंबोली, ठाणे, कापूरबावडी, आणि मग घोडबंदरचा तो प्रसिद्ध खोळंबा. गायमुखच्या चढावर कंटेनर आडवा होता. सांगली ते ठाणे जेवढं अंग अवघडलं नव्हतं तेवढं त्या चार-पाच किलोमीटरमध्ये अवघडलं. आत्याने आरशात बघून पावडर पुन्हा लावली, दोनदा.

स्टुडिओ म्हणजे पत्र्याचं गोदाम. बाहेर जनरेटरची घरघर, ओळीने उभ्या व्हॅनिटी व्हॅन, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मेकअप केलेली पण साधे कपडे घातलेली माणसं चहा पीत बसलेली. यातला एक आत्याचा अत्यंत लाडका. ती त्याच्यापासून दहा फुटांवर होती आणि तिने त्याला ओळखलं नाही, कारण तो हसवत नव्हता, फोनवर कुणाशी तरी हप्त्याबद्दल बोलत होता. दारात मोबाईल जमा, पिशव्या जमा, बदल्यात बिल्ला. भडंगाचं दुसरं पाकीट तिथेच अडलं. दादाच्या शर्टावर छातीला कंपनीचं छोटं चिन्ह होतं, त्यावर एका पोराने काळी चिकटपट्टी मारली.

आत शिरल्यावर आधी थंडी. दिव्यांची आग आणि यंत्रांचा ताप मारायला एसी असा लावलेला असतो की मुंबईत मे महिना असला तरी आत स्वेटर लागावा. आम्ही तर जानेवारीत गेलेलो. मग तो वास, ताजा रंग, प्लायवूड आणि हेअरस्प्रे यांचा मिळून. समोर वाड्याची ओसरी, कोनाडा, तुळशीवृंदावन. आत्याने बसायच्या आधी वाट वाकडी करून तुळशीला हात लावला आणि परत येऊन कानात सांगितलं, “थर्माकोलची हाय.” ओसरीच्या मागे डोकावलं तर नुसत्या उघड्या फळ्या, खिळे, आणि खडूने लिहिलेले आकडे. तिला यात फसवणूक वगैरे अजिबात वाटली नाही. उलट हे सगळं एका दिवसात उभं करतात आणि मोडतात हे कळल्यावर ती सुताराचं कौतुक करत बसली.

प्रेक्षकांत दोन जाती होत्या. एक आम्ही, पासवाले, लग्नाला आल्यासारखे नटलेले. दुसरे रोजचे. नालासोपारा-विरारकडून गटाने येणाऱ्या मुली, काही कॉलेजची पोरं, दोन निवृत्त गृहस्थ. त्यांना दिवसाचे पैसे मिळतात, आज इथे हसायचं, उद्या दुसऱ्या चॅनलच्या गाण्याच्या कार्यक्रमात डोळे पुसायचे. त्यांच्यातल्या एकीने आत्याला शाल देऊ केली. “मावशी, पहिल्यांदा आलाय ना? दुपारनंतर पाय गारठतात, मोजे आणायचे असतात.” त्या मुलींना हसण्याची ना हौस ना कंटाळा. मधल्या वेळात एक जण परीक्षेची गाइड वाचत होती, आणि “रोलिंग” असा आवाज आला की गाइड मांडीखाली.

पैसे देऊन हशा बसवणं नवं नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या नाट्यगृहांत भाड्याचे प्रेक्षक पुरवायचा रीतसर धंदा होता. कुणी टाळ्यांना, कुणी हसायला, कुणी रडायला, असे वेगवेगळे लोक. अमेरिकेत टीव्ही आल्यावर माणसंही नकोत असं ठरलं. 1950 च्या दशकात चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने एक पेटी बनवली, टाइपरायटरसारखी कळा असलेली. एक कळ दाबली की बाईचं खुदखुदणं, दुसरी दाबली की पुरुषाचं गडगडाटी. ती पेटी तो कुलूप लावून ठेवायचा, आत काय आहे ते कुणाला दाखवायचा नाही. आपल्याकडे मात्र बरीच वर्षं हशा जागेवरच मिळायचा. सांगलीकराला नाटकाबद्दल न विचारता सांगायची खोड असते, तेव्हा ऐका: 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते आमच्या गावात. त्यांच्याच नावाच्या नाट्यमंदिरात आत्याने पुढे कितीतरी नाटकं पाहिली. तिथला हशा कुणाला मागून मिळायचा नाही. नट वाक्य टाकायचा, थांबायचा, हशा विरत आला की पुढचं वाक्य. एखाद्या रात्री तेच वाक्य, तोच नट, आणि सभागृह ढिम्म. अशा वेळी नटाच्या चेहऱ्यावर जे व्हायचं ते आत्या आजही करून दाखवते.

तर इथे, खेळ सुरू व्हायच्या आधी, कानाला हेडफोन लावलेला एक काटकुळा पोरगा पुढे आला. फ्लोअर मॅनेजर. रंगमंचावर कुणीही नव्हतं. “सगळ्यांनी आता फक्त हसायचंय. आधी हलकंसं. मग जोरात. मग टाळ्या. मग आश्चर्य. मग इमोशनल. मी हात वर केला की आवाज वर.” कॅमेरे आमच्याकडे वळले, वरून जिबची, म्हणजे कॅमेऱ्याच्या क्रेनची, लांब सोंड डोक्यावरून फिरायला लागली, कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला. त्याने हात वर केला. रोजच्या मुली लगेच हसल्या, व्यवस्थित, दात दिसतील असं. आम्हा पासवाल्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. कशालाही नाही तर हसायचं कसं? दादाने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. माझं हसू घशातून यायच्या ऐवजी नाकातून आलं.

आत्या हसली. आधी नुसते ओठ, मान किंचित खाली. पोराने हात वर नेला तसं ओठ सुटले, खांदे हलले. आणखी वर नेला तसं तिने तोंडावर तळवा धरला, शेजारणीकडे, म्हणजे माझ्याकडे, एक नजर टाकली, ‘ऐकलंस ना?’ अशी, आणि मग मोकळं, पोटातून. त्याने हात खाली आणला, ती उतरत आली, शेवटी एक छोटा उसासा आणि पदर नीट करणं. मी थक्क. एवढ्या वेळात समोर एक रिकामी ओसरी आणि थर्माकोलची तुळस होती.

पोरगा हेडफोन सरकवून आमच्या रांगेपाशी आला. “मावशी, याआधी कुठे काम केलंय?”

“सासरी,” आत्या म्हणाली.

तो खो-खो हसला. मग तिला तिसऱ्या रांगेतून उठवून पहिल्या रांगेत कडेला बसवलं, कॅमेऱ्याला सापडेल अशी. “नातेवाईक सोबत पाहिजे,” ती म्हणाली म्हणून मीही पुढे. दादा राहिला मागे, चिकटपट्टीसकट.

तिचं उत्तर त्याला कोटी वाटली, पण ती माहिती होती. आत्याच्या सासऱ्यांचा एक विनोद होता, दर दिवाळीला, चिवड्यातल्या खोबऱ्यावरचा. तीस वर्षं तोच. मुली माहेरी आलेल्या असायच्या, त्या उठून जायच्या. सुनेला उठता यायचं नाही. तिने तो विनोद दरवर्षी पहिल्यांदा ऐकल्यासारखा ऐकला. मामांच्या, म्हणजे तिच्या यजमानांच्या, साहेबांचे विनोद वेगळे, ते जेवणाच्या पंगतीत व्हायचे आणि तेव्हा हातात वाढपाचं भांडं असायचं. भांडं न हलवता हसायचं. हे मला आठवतं कारण मी लहान असताना ते बघितलंय, आणि तेव्हा मला वाटायचं की आत्याला सगळ्यांचंच बोलणं आवडतं. आता मी स्वतः दर सोमवारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये एका साहेबांच्या शेरेबाजीवर स्मितहास्य करते. कॅमेरा चालू असतो ना. ते करताना माझ्या गालाचे स्नायू नेमके कुठून उचलले जातात हे मला त्या दिवसापासून जाणवायला लागलंय, आणि ती एक नवीच कटकट होऊन बसलीय.

पहिलं स्किट मुलगी पाहण्याचं. लेखकांना दुसरं काही सुचत नाही असं नाही, पण स्थळ-कांदेपोहे-वरमाय हा ऐवज हमखास चालतो हे खरं. त्या नटाचं टायमिंग झकास, ते नाकारायचं नाही. फोटो लांब धरताना त्याने मनगटातल्या बांगड्या अशा मागे सारल्या की माझी चुलत आजीच समोर उभी राहिली. आणि मग ते निगेटिव्हचं वाक्य. मागच्या रांगांत हशा झाला. मी बाजूला पाहिलं. आत्या सावळी नाही, काळी आहे. घरात हा शब्द कुणी वापरत नाही, ‘जरा डावी’ म्हणतात. ती समोर बघत होती, चष्म्याच्या काचांत दिव्यांचे चार ठिपके, आणि पदराचं टोक तर्जनीला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. फोटोच्या फ्रेमवर प्रकाश परावर्तित झाला म्हणून “वन मोअर” झालं. फ्रेमची काच काढून टाकली. वाक्य पुन्हा. बांगड्या पुन्हा मागे. दुसऱ्यांदा हशा जास्त मोठा घेतला, कारण पोराचा हात वर होता. आत्याने पदराचं टोक सोडलं नाही.

दाराची गंमत दुसऱ्या स्किटमध्ये. तावातावाने भांडण करून एका नटाने ओसरीतल्या दारातून बाहेर निघून जायचं होतं. तो गेला, दार ढकललं, दार उघडेना. ओढलं, उघडेना. खांद्याने रेटलं, तर दाराऐवजी वाड्याची अख्खी भिंत झुलायला लागली आणि कोनाड्यातला गणपती आडवा झाला. नट थांबला. त्याने पदरचं, संहितेत नसलेलं काम केलं. कपडे झटकले, दारावर अदबीने टकटक केली आणि म्हणाला, “आत कोणी आहे का? मला बाहेर जायचंय.” आणि भिंतीमागून सुताराचा आवाज आला, “थांबा साहेब, मी पण अडकलोय.”

सगळं गोदाम फुटलं. कॅमेरामन कॅमेरा सोडून खाली बसला. गाइड वाचणाऱ्या मुलीच्या मांडीखालून गाइड पडली. आत्या वाकली, सरळ झाली, पुन्हा वाकली, चष्मा काढला, डोळ्यांना पदर लावला, माझ्या मांडीवर थापा मारल्या, “अगं आई गं” म्हणाली. मी तिला असं हसताना कधी पाहिलं होतं हे आठवेना. कुणीही हात वर केला नव्हता. मग सुतार रंधा घेऊन बाहेर आला, दाराची कड तासली, लाकडाच्या वळलेल्या सालपटांचा छोटा ढीग ओसरीवर पडला, स्पॉटदादाने तो झाडला. भांडण पुन्हा झालं, दार उघडलं, नट बाहेर गेला. लिहिलेलं वाक्य आलं आणि त्यावर जेवढ्यास तेवढा, सभ्य हशा.

रात्री दहाच्या पुढे सुटलो. भडंगाचं पाकीट मोबाईलच्या काउंटरवरच्या मुलाला दिलं, तो मूळचा पलूसचा निघाला आणि एवढा खूश झाला की आत्याला प्रवासाचं सार्थक तिथेच वाटलं. खालापूरला चहा. घाट चढताना डोळ्यांवर झोप. दादाला जागं ठेवायचं काम आत्याचं, आणि ते ती गोष्टी सांगून करते. खंबाटकी उतरल्यावर तिने ती गोष्ट सांगितली जी मी ऐकलेली नव्हती आणि दादानेही नव्हती, हे त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं त्यावरून कळलं.

मामांकडचे लोक तिला पाहायला आले ते गावभागातल्या आमच्या जुन्या घरी, संध्याकाळी. त्याआधी बरीच स्थळं येऊन गेलेली, पोहे खाऊन. नेमकी वीज गेली. कंदील आला. मुलाचे थोरले काका पाटावर बसलेले, मोठे रंगेल बोलणारे. त्यांनी कंदिलाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, “वात वाढवा की जरा, मुलगी आलीय का नुसतंच पातळ आलंय कळंना.” आत्याच्या हातात पोह्यांचं ताट होतं. “बाबा खाली बघाय लागले. आईचा पदर तोंडात. मीच आधी हसलो,” ती म्हणाली. “मोठ्यानं हसलो. मग त्या सगळ्यांला हसायला मोकळं झालं.” चार दिवसांनी निरोप आला, मुलगी पसंत आहे. हसतमुख आहे, बाकीचं काय एवढं.

“मग नंतर कुणी काढलं नाही रंगाचं?” मी विचारलं.

“काढायची की. हसायचो की मी,” ती म्हणाली, आणि मग तिने बहुधा आणखी काहीतरी सांगायला घेतलं होतं, पण आनेवाडीचा टोलनाका आला. आमचा फास्टॅग वाचला जाईना, मागच्या ट्रकने हॉर्न वाजवायला सुरुवात केली, दादा खाली उतरला, वाद, पावती, सुटे पैसे. तिथून पुढे निघालो तेव्हा ती कराडला चहा मिळेल का याबद्दल बोलत होती.

काही आठवड्यांनी भाग लागला. आत्याच्या घरी गर्दी, पलंगावर शेजारणी, भडंगात कांदा-कोथिंबीर घालून तयार. निगेटिव्हचं वाक्य आलं, आत्या आली, घर दणाणलं. दार अडकल्याचं अर्थातच नव्हतं. त्या स्किटमध्ये दार गुळगुळीत उघडलं. म्हणजे कुणीतरी रात्री संकलनाच्या खोलीत बसून, पुढ्यात आमच्या हसण्याची सगळी रेकॉर्डिंग्ज घेऊन, निगेटिव्हच्या वाक्याला लावायला चांगलं हसू शोधत होता. त्याच्याकडे आत्याचं बसवलेलं, तळवा-नजर-उसासा असं पायऱ्यापायऱ्यांचं हसू होतं. ते त्याने घेतलं नाही. त्याने दाराचं घेतलं. त्याची नजर पक्की, एवढं कबूल करावंच लागेल. शंभर नकली हशांमधून खरा त्याने बरोबर उचलला आणि तो तिथे नेऊन लावला जिथे ती एकटी हसली नव्हती. त्याला तिच्या रंगाशी काही देणंघेणं नसणार, कदाचित त्याने तिचा रंग पाहिलाही नसेल. हे मला कळतं. तरी त्या रात्री मी घरी येऊन तो तुकडा पुन्हापुन्हा चालवला आणि चरफडत राहिले. पुढच्या पिढ्यांकडे आत्याचं हलतंबोलतं असं एवढंच राहणार, आणि त्यात ती काळ्या मुलीवरच्या विनोदाला डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतेय.

दुसऱ्या दिवशी शेजारणी नव्हत्या तेव्हा मी विषय काढला. दादाने मोबाईलवरून तो भाग टीव्हीवर लावला. आत्या म्हणाली, “मागं घे. अजून मागं. हां, धर तिथंच.” पडद्यावर ती, चष्मा हातात. ती सोफ्यावरून उठून टीव्हीजवळ गेली, वाकून बघितलं.

“आत्या, हे तू त्या वाक्याला हसली नव्हतीस. दाराला हसलेलीस,” मी म्हणाले.

“माहीत हाय की मला.”

“मग?”

“मग काय? दार अडकलेलं दाखवतील व्हय ती लोकं?” तिने पुन्हा पडद्याकडे बघितलं. त्या लख्ख दिव्यांत, पहिल्या रांगेत, वर पुन्हा संगणकावर रंग उजळलेले. “बघ तरी, किती गोरी दिसतो मी ह्यात.”

ती हे थट्टेने म्हणाली की समाधानाने, मला ठरवता आलं नाही. दादा रिमोटकडे बघत होता. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि ती म्हणाली, “दाराचं मात्र घ्यायला पाहिजे होतं. लई भारी झालेलं ते. तो सुतार!” आणि ‘मी पण अडकलोय’ हे तिने त्या सुताराच्या आवाजात म्हणून दाखवलं, आणि आम्ही तिघंही सोफ्यावर गडाबडा. तो फोटो तिने दादाकडून कापून घेतला आणि स्वतःच्या नंबरावर लावला. अजूनही तोच आहे. माझा फोन वाजला की आत्या हसते.

आता तिच्या भिशीतल्या बायकांना जायचंय. टेम्पो ट्रॅव्हलर ठरतोय, दादाच्या मित्राचा जीव टांगणीला लागलाय. मागच्या रविवारी गेले तर बैठकीत आत्याचा वर्ग भरलेला. बारीक चौकडी चालत नाही. मोजे आणा, पाय गारठतात. पोटभर खाऊन जा, मधे सोडत नाहीत. तो पोरगा हात वर करेल तसं हसायचं, एकदम सगळं हसून टाकायचं नाही, पुढं पुरवायला लागतं. वहीत लिहून घेणाऱ्या एका काकूंनी विचारलं, आणि समजा विनोद आवडलाच नाही तर?

“तर काय नाही,” आत्या म्हणाली, “चष्मा तेवढा काढायचा नाही.”